बरणीतली खालची काच

अहो, वर माळ्यावर काय शोधताय? इकडे या, स्वयंपाकघरात. खिडकीपाशी ती रुंद तोंडाची चिनीमातीची बरणी दिसते ना? तिच्या आत, आंब्याच्या फोडींवर दडपण म्हणून बसलेली गोल जाड काच, ती मी. गळ्यापर्यंत तेलात आहे, पण बोलायला काही अडत नाही.

आधीच सांगून ठेवते, मी दुर्बिणीच्या घराण्यातली आहे. हसू नका! माझ्या सख्ख्या बहिणीने अख्खा सूर्य अंगावर घेतलाय, आणि तिला घासूनपुसून तसं घडवलं कोणी? मी. आता लोणच्यात बसले म्हणून कुळ बदलत नाही.

आमचं माहेर रायपूरच्या सदर बाजारातलं. एका सराफाच्या पेढीवर, दागिन्यांच्या काउंटरवर, आम्ही एकच लांबरुंद जाड काच होतो. खाली पाटल्या आणि बिंदिया, वर बायकांची कोपरं. भाव ऐकून कोणी ‘बाप्पा!’ म्हणायचं, कोणी पर्स घट्ट धरायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने रागाने किल्ल्यांचा जुडगा आपटला तेव्हा आमच्या कडेचा टवका उडाला. तो पुढे माझ्या नशिबी आला.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. साहेब आले, गाड्या आल्या, आणि सराफाला वाटलं, आपली पेढीही आता राजधानीसारखी दिसली पाहिजे. जुनं फर्निचर निघालं. आम्ही भिंतीला टेकून धूळ खात उभ्या राहिलो, आणि भंगारात जायच्या आधी एका चष्मेवाल्या माणसाची नजर आमच्यावर पडली.

ते चारुदत्त सर. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि सुट्टीत मुलांकडून दुर्बिणी बनवून घ्यायचे. त्यांनी आमच्यातून दोन गोल चकत्या कापून घेतल्या. एक स्वच्छ, दुसरी टवक्याची. त्या जोडीने आम्ही चौबे कॉलनीतल्या अनुश्रीच्या घरी आलो.

अनुश्री तेव्हा अकरावी संपवून बारावीत जात होती. पोट्टी हुशार, पण तिचा एक गुण जगजाहीर होता. तिचं सगळं अर्धवट. हार्मोनियम अर्धी, कथ्थक अर्धं. वडिलांसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला एक बाही होती, एक नव्हती. घरात आईवडील मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तरं द्यायची, तीही पुष्कळदा अर्धीच.

आणि ह्या मुलीने जाहीर केलं, ‘‘मुझे एस्ट्रोनॉमर बनना है.’’

तिचे वडील यशवंतराव पाटबंधारे खात्यात होते. मूळचे वर्ध्याकडचे, मनाने मऊ, बोलायला तिखट. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘काहून? जमिनीवर काही कमी पडून राहिलं काय तुले?’’

मग एका रविवारी सरांनाच घरी बोलावणं गेलं. मी तेव्हा बैठकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली होते, सगळं ऐकलं.

‘‘सर, मले एक सांगा,’’ यशवंतराव म्हणाले, ‘‘चांदण्या पाहाचा पगार कोण देते?’’

सर हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, ‘‘नुसत्या पाहायचा कोणीच देत नाही. खगोलशास्त्रज्ञ काही दुर्बिणीला डोळा लावून बसलेला नसतो. त्याचा बराचसा जन्म गणितात आणि कॉम्प्युटरपुढे जातो. आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग परीक्षा देऊन पीएच.डी. तिथे शिष्यवृत्ती मिळते. जागा थोड्याच असतात, हे मी लपवणार नाही. पण नाही जमलं तरी फिजिक्स शिकलेला माणूस उपाशी राहत नाही. कोणी शिकवतो, कोणी यंत्रं बनवतो, कोणी तारांगण चालवतो. लागतो तो धीर. आठ-दहा वर्षांचा.’’

‘‘धीर?’’ यशवंतराव आत गेले आणि तो एका बाहीचा स्वेटर घेऊन आले. सरांपुढे धरला. ‘‘हा पाहा हिचा धीर.’’

अनुश्रीचा चेहरा उतरला. आई मंदाकिनी दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली, मग लेकीकडे पाहून तिने हसू आवरलं.

शेवटी यशवंतरावांनीच तोडगा काढला. पुढच्या जूनमध्ये शुक्र भरदिवसा सूर्याच्या तबकडीवरून जाणार, असं सर सांगून राहिले होते. सव्वाशे वर्षांत असं कोणी पाहिलं नव्हतं. ‘‘तर मग बेटा, तू सोता बनवलेल्या दुर्बिणीतून तो शुक्र मले दाखव. पुरं करून दाखवलं तर तू म्हणशील ते शिकवतो. नाही तर गुमान इंजीनियरिंगले जायचं. मंजूर?’’

‘‘हव,’’ अनुश्री म्हणाली. छत्तीसगडी होकार, दोनच अक्षरांचा. पण त्यावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ते तिला माहीत होतं.

आता आमची गोष्ट. आरसा बनवायचा तर काचेवर काच घासावी लागते. एक खाली बसते, एक वर फिरते. मध्ये पाणी आणि खरखरीत पूड. सरांनी दोघींना हातात घेऊन पाहिलं. माझा टवका दिसला आणि म्हणाले, ‘‘ही खालची.’’ झालं! गच्चीवर एका रिकाम्या पिंपावर मला तीन लाकडी ठोकळ्यांत अडकवलं आणि बहिणीला वर बसवलं.

खर्र, खर्र, खर्र. अनुश्री पिंपाभोवती फिरत घासायची आणि मी मुकाट सोसायची. गंमत अशी की वरची मध्ये खोल होत जाते आणि खालची तेवढीच फुगते. जेवढं तिचं पोट आत, तेवढं माझं बाहेर. तिला डौल आला, मला ढेरी. राग यायचा हो. पण तिची खोली माझ्याशिवाय होत नव्हती, आणि माझा हा आकार तिच्याशिवाय कोणाला उपयोगाचा नव्हता. सख्ख्या बहिणींचं असंच असतं.

‘‘अवं बंद कर ते! दात शिवशिवतात माझे,’’ मंदाकिनी जिन्यातून ओरडायची. पण चहा वर आणून द्यायची. पूड बारीक होत गेली, आवाजही बारीक होत गेला. मग माझ्यावर राळ ओतली आणि गुलाबी लेपाने बहिणीला चकाकी आणली. पावसाळा सरता सरता सरांनी तिला तपासलं आणि मान डोलावली. बहीण अॅल्युमिनियमची कलई चढवून घ्यायला पार्सलने परगावी गेली. लग्न होऊन गेल्यासारखीच गेली, वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सर म्हणाले होते, ‘‘खालची सांभाळून ठेव.’’ पण अनुश्रीला आता माझं काय काम? ‘‘आई, इसको फेंक दे,’’ म्हणून मला ओट्यावर टाकून पोरगी क्लासला पळाली.

मंदाकिनीने मला हातात घेतलं. तिच्या हातून घरातली वस्तू फेकली जात नाही. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळवणारी बाई ती. नेमकं त्याच आठवड्यात तिचं लोणचं तेलाच्या वर आलं होतं आणि फोडींना बुरशी धरायची भीती होती. तिने मला रॉकेलने पुसलं, सोड्याने धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतलं, आणि एके दिवशी सरळ बरणीत सोडलं. फोडी खाली, मी वर. ‘‘वा,’’ ती म्हणाली, ‘‘जशी मापानंच बनवली.’’

मी बरणीत आणि बहीण कलई चढवून, झगमगत घरी परत! मापटंभर हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आणि मग खांडेनवमी आली.

त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. ज्याच्यावर आपलं पोट चालतं, विद्या चालते, त्याला हळदीकुंकू. मंदाकिनीने पाट मांडला. शिलाई मशीनची कात्री, विळी, यशवंतरावांचं पेन, स्कूटरची किल्ली. मग तिच्या मनात आलं, आपल्या पोरीचं हत्यार कोणतं? तिने कपाटातून डबा काढला, कापसातून बहिणीला उचललं, चकाकता भाग वर करून पाटावर ठेवलं, आणि मनोभावे, बरोब्बर मधोमध, ओल्या हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. वर अक्षता, वर झेंडूचं फूल. हात जोडून म्हणाली, ‘‘माझ्या पोट्टीले यश दे गं माय.’’

दुसऱ्या दिवशी कुंकू निघेना. अनुश्री क्लासहून यायच्या आत लख्ख करून ठेवावं म्हणून तिने काथ्या घेतला, चुलीची जपून ठेवलेली राख घेतली, आणि समई घासावी तशी बहीण घासली. मी बरणीतून आवाज ऐकत होते. घासण्याचा आवाज मला नाही कळणार तर कोणाला? ओरडावंसं वाटलं, पण लोणच्याचं कोण ऐकतं! करायला गेली गणपती अन् झाला मारुती.

कलई गेली. काचेवर आडवेतिडवे ओरखडे उठले. अनुश्रीने आरसा उजेडात धरून पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, ‘‘रहने दे आई. मुझसे वैसे भी कुछ पूरा नहीं होता.’’ डबा पलंगाखाली सरकवला आणि इंजीनियरिंगची पुस्तकं काढली.

मंदाकिनी त्या संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून रडली. यशवंतरावांनी तिला पाहिलं, पाणी प्यायले, आणि बाहेर गेले. पैज जिंकत आली होती त्यांची, पण त्या दिवसापासून त्यांनी स्वेटरचा विषय काढला नाही.

हिवाळा गेला. परीक्षा झाली. उन्हं तापली, आणि एप्रिलच्या एका दुपारी मंदाकिनी पदर खोचून, ऊन डोक्यावर घेऊन स्वतः सरांच्या घरी गेली. लेकीला विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. सरांना घेऊनच परतली.

‘‘सर, चूक माही हाय,’’ ती बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली. ‘‘मले त्यातलं कळत नव्हतं. पण हे पुन्हा नीट होत असंन तर सांगा. मी घासतो. घासनं मले येते.’’

सरांनी आरसा बोटाने चाचपला. ‘‘ओरखडे खोल नाहीत. बारीक पुडेपासून पुन्हा घासला तर निघतील. फक्त खालची काच हवी, हिच्याच आकाराची. नवी करायची म्हटलं तर जून हातचा गेला. अनुश्री, खालची कुठाय?’’

‘‘फेंक दी,’’ अनुश्री म्हणाली. एवढंच. तिचे डोळे भरून आले.

सरांनी चष्मा काढला. यशवंतराव छताकडे पाहू लागले.

आणि मंदाकिनी उठली. स्वयंपाकघरात आली. बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला, बांगड्या वर सारल्या, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मला उचललं! तेल निथळतंय, पोटावर मोहरी चिकटलीय, कडेच्या टवक्यात मेथीचा दाणा, अशी मी बैठकीत आले.

‘‘हे का?’’ ती म्हणाली.

मग यशवंतराव असे हसले, असे हसले, की त्यांना ठसका लागला. ‘‘सर, ह्या बाईनं तुमच्या विज्ञानाचं लोणचं घातलं!’’ सर माझा वास घेत म्हणाले, ‘‘आणि फार चांगलं घातलं.’’ अनुश्री आईच्या तेलकट हाताला बिलगली आणि पहिल्यांदाच आईशी आईच्या बोलीत बोलली, ‘‘आई, तू फेकली काहून नाही?’’

‘‘मी काही फेकतो काय कधी?’’ मंदाकिनी म्हणाली.

मला न्हाऊ घातलं. पुन्हा गच्ची, पुन्हा पिंप, पुन्हा बहीण माझ्या अंगावर. किती महिन्यांनी भेटलो! तिच्या मिरवण्याचा राग तिच्या ओरखड्यांत कुठच्या कुठे गेला. सकाळी ऊन चढायच्या आत मायलेकी घासायच्या. आई दमली की लेक, लेक दमली की आई. मंदाकिनी घासता घासता विचारायची, ‘‘हे शुक्र म्हंजे आपली शुक्राची चांदनी काय?’’ आणि अनुश्री सांगायची, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, पण पूर्ण. मध्येच सोडून गेली नाही. एक दिवस यशवंतराव उरल्याच्या कारखान्यांतून स्कूटरवर भलीमोठी पत्र्याची नळी घेऊन आले, मागे दोरीने बांधलेली, तोंडावर फॅक्टरीची काळी धूळ. ‘‘मी पैजेत हाय, तुमच्या बाजूनं नाही,’’ त्यांनी आधीच बजावलं, ‘‘पन नळीवाचून काय दाखवसान?’’

आरसा झाला, पण जून दाराशी आला. कलईला पाठवायला वेळच नव्हता. अनुश्री रडकुंडीला आली. सर म्हणाले, ‘‘अगं, चांदण्यांना कलई लागते. सूर्याला कशाला? त्याचा उजेड एवढा, की कोऱ्या काचेवरून परततो तेवढाच पुष्कळ होतो. उलट कलई असती तर झाकावीच लागली असती. आईने घासली ते बरंच झालं म्हण.’’

मंदाकिनीने सरांकडे असं पाहिलं, की मी काच नसून लोणी असते तर वितळलेच असते.

तो मंगळवार होता. सकाळपासून गरम वारा आणि आकाशात पांढुरकी धूळ. गच्चीवर दुर्बीण उभी. कोणी डोळा लावायचा नाही अशी सरांची सक्त ताकीद. सूर्य दुर्बिणीतून खाली पांढऱ्या कागदावर पडणार होता आणि तिथेच पाहायचा होता. कागद वाऱ्याने उडू लागला तेव्हा अनुश्रीने मला त्याच्यावर ठेवलं. म्हणजे मी अगदी पुढच्या रांगेत!

आणि कागदावर सूर्य उतरला. वाटीएवढा, गोल, थरथरता. माझ्या बहिणीने पाठवलेला. त्याची कड माझ्या कडेला लागली, टवक्यात उजेड भरला. मी काय सांगू? इतके दिवस बहिणीला घडवलं, पण तिने काय पाहिलं ते मला तेव्हाच पाहायला मिळालं. खाली होते म्हणूनच मिळालं.

सूर्याच्या काठाशी एक काळा ठिपका होता.

मंदाकिनी वाकली. तिचा चेहरा पांढराफटक. ‘‘अवं माय! मोहरी राहिली काचेवर! थांब, पुसतो...’’ आणि पदराचं टोक घेऊन ती दुर्बिणीकडे निघाली.

‘‘नको!’’ सर, यशवंतराव आणि अनुश्री एका सुरात ओरडले.

‘‘आई, वही शुक्र आहे!’’ अनुश्री हसत होती आणि रडतही होती. ‘‘तुझी शुक्राची चांदणी!’’

यशवंतराव कागदावर वाकले. पेनाने ठिपक्याभोवती बारीक गोल काढला. खाली गेले, जेवले, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली, पुन्हा वर आले. ठिपका त्यांच्या गोलातून केव्हाच बाहेर पडून सूर्याच्या अंगावर पुढे सरकला होता. त्यांनी पुन्हा गोल काढला. दुपारभर ते गोल काढत राहिले. शेजारपाजारचे येऊन गेले, शेवटी शुक्र सूर्याच्या दुसऱ्या काठावरून उतरला, तेव्हा कागदावर गोलांची सरळ रांग झाली होती. त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

‘‘पुरं केलं पोट्टीनं,’’ ते मंदाकिनीला म्हणाले. मग लेकीकडे वळून, ‘‘बी.एस्सी.चं कुठं करायचं ते सरांना विचार. अन् स्वेटर?’’

‘‘वो भी करूंगी, बाबा.’’

स्वेटर अजून एका बाहीचाच आहे. पण बाकी सगळं तिने केलं. सर म्हणाले होते तितकीच वर्षं लागली. मध्ये एकदा परीक्षेत नापास झाली, एकदा सगळं सोडून परत येते म्हणाली, तेव्हा यशवंतरावांनी फोनवर तो घडीचा कागद वाचून दाखवला. त्यात वाचण्यासारखं काहीच नाही, नुसते गोल आहेत. पण तिने सोडलं नाही. आज ती दक्षिणेत एका डोंगरावरच्या वेधशाळेत काम करते. तिथला आरसा म्हणे ह्या घराच्या बैठकीत मावणार नाही. बहिणीला आता कलई चढली आहे. रायपूरच्या आकाशात दिवे फार आणि उरल्याचा धूरही फार, पण संध्याकाळी कॉलनीतली मुलं गच्चीवर चंद्र पाहायला येतात.

मागच्या वेळी अनुश्री आली तेव्हा मला हातात घेऊन म्हणाली, ‘‘आई, हिला मी नेते. टेबलावर ठेवते.’’ मंदाकिनी म्हणाली, ‘‘अन् माझ्या लोणच्याचं काय?’’ विषय संपला. बरं झालं. टेबलावर नुसतं बसून मी काय करणार? इथे मला काम आहे, आणि वासही चांगला येतो.

तुमच्या घरात अशी एखादी खालची काच असेल तर तिला जपा, एवढंच मागणं. आणि माझ्याकरता वाईट वाटून घेऊ नका. सराफाचे आभार, ज्याने काढून टाकलं. सरांचे, ज्यांनी उचललं. त्या टवक्याचेसुद्धा.

आणि मंदाकिनीचे. कारण दर खांडेनवमीला ती मला बरणीतून काढते, पुसते आणि पाटावर बहिणीच्या शेजारी मांडते. बहिणीला ती लांबूनच हात जोडते, जवळसुद्धा जात नाही. मग ओल्या हळदीकुंकवाचं ते बोट माझ्याकडे वळतं आणि माझ्या फुगीर पोटावर, अगदी मधोमध, टेकतं.